बोटावरचा आकडा

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, नाटक-चित्रपटांचीही येतात. आपल्या घरात शिरलेल्या यंत्रांचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. त्यांची जाहिरात होते, आणि बिघडली की शिव्या मिळतात, एवढेच. म्हणून या वेळी एका यंत्राचे परीक्षण करायचे ठरवले आहे. हे यंत्र काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असते, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे उघडते, आणि २०२० च्या आरंभी त्याचे नावही आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. वर्षभरात ते इतके परिचयाचे झाले की लोक एकमेकांना 'कसे आहात?' ऐवजी 'किती आहे?' असे विचारू लागले. आज ते बहुतेक घरांत औषधांच्या डब्याच्या तळाशी, सेल गंजलेल्या अवस्थेत पडले असेल. नाव ऑक्सिमीटर.

शिक्षक वाचकांना त्याची आठवण करून द्यायला नकोच. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि घरोघर जाऊन ताप व ऑक्सिजन तपासला गेला. त्या काळातल्या अशा अनेक तपासण्यांत अनेक ठिकाणी शिक्षकांनाही काम करावे लागले.

माझ्या वहिनी प्राथमिक शाळेत शिकवतात. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, त्यांनाही गावातल्या तपासणीचे काम लागले होते. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, एका माणसाच्या डाव्या हाताला ९४ येतंय आणि उजव्या हाताला ९६. तक्त्यात रकाना एकच आहे. कोणता आकडा लिहू?"

त्यांना दिलेल्या सूचनेप्रमाणे ९५ च्या खाली असेल त्याला पुढे तालुक्याला पाठवायचे होते. मी त्या वेळी संगणकावर एका बैठकीत बसलो होतो. घाईघाईने म्हणालो, "जास्त येतोय तो लिहा, वहिनी. हे यंत्र चुकलं तर कमीच दाखवतं."

प्रकाशाचे शोषण मोजणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे हे वाक्य मी कसे बोलून गेलो याचे मला अजून आश्चर्य वाटते. आश्चर्य हा सौम्य शब्द झाला.

आधी यंत्र काय करते ते पाहू. अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर बोट ठेवले तर बोट लाल दिसते, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. ऑक्सिमीटर तेच करतो, फक्त दोन दिवे वापरून. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश भरपूर शोषते, ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन त्याच्या सुमारे दहावा हिस्सा. अवरक्त प्रकाशात हे चित्र उलटते, मात्र तेथे फरक थोडा असतो. दोन्ही प्रकाश बोटातून किती पलीकडे पोहोचले याची तुलना केली की रक्ताचा रंग, म्हणजे पर्यायाने ऑक्सिजनचे प्रमाण कळायला हवे.

पण बोटात रक्ताशिवाय कातडी, हाड, नख, चरबी असे बरेच काही असते, आणि तेही प्रकाश शोषते. ही अडचण ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली सोडवली. ती गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. तो हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते ते मोजण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती वेगाने विरळ होते ते पाहायचे. त्याच्या आलेखावर नाडीच्या ठोक्यांमुळे लाटा उमटत आणि मापन बिघडवत. या लाटा काढून टाकण्यासाठी त्याने दुसरी तरंगलांबी घेतली. तेव्हा त्याच्या लक्षात आले की बोटात किंवा कानात ठोक्यागणिक बदलते ते फक्त धमनीतले रक्त. कातडी आणि हाड बदलत नाहीत. म्हणजे ज्याला तो कचरा समजून फेकत होता तोच भाग त्याला हवा होता. दोन्ही प्रकाशांतल्या लाटांचे गुणोत्तर घेतले की धमनीतल्या रक्ताची संपृक्तता, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन चालले आहे ते, कळते. सुई टोचायची गरज नाही. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारला. त्या दिवशी जगभर किती बोटांवर त्याची कल्पना बसलेली असेल!

इथवर यंत्राची स्तुतीच करावी लागते. तक्रार पुढे आहे.

हे गुणोत्तर साधारण अर्धा आले तर यंत्र ९७-९८ दाखवते, एक आले तर ८५ च्या आसपास. पण एक म्हणजे ८५ हे कोणी ठरवले? येथे शुद्ध गणित अपुरे पडते, कारण बोटात प्रकाश सरळ जात नाही, वाटेल तसा विखुरतो. म्हणून निरोगी स्वयंसेवकांना कमी कमी ऑक्सिजन असलेल्या हवेत श्वास घ्यायला लावतात, त्यांच्या धमनीतले रक्त काढून दुसऱ्या काटेकोर पद्धतीने तपासतात, आणि त्याच क्षणी यंत्राला मिळालेले गुणोत्तर त्यासमोर मांडतात. हा तक्ता यंत्रात भरला जातो. ७० टक्क्यांच्या खाली कोणालाही नेणे धोक्याचे, म्हणून त्याखालचे आकडे रेघ पुढे ओढून काढलेले असतात. थोडक्यात, आपण बोट घातले की यंत्र आपली तुलना कोणा अनोळखी, धडधाकट माणसांशी करते आणि 'त्यांचे गुणोत्तर एवढे होते तेव्हा रक्तात अमुक होते' असे सांगते.

मग ती माणसे किती आणि कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ सालच्या मार्गदर्शिकेनुसार अशा चाचणीत निदान १० माणसे हवीत आणि त्यांत गडद वर्णाची निदान २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के. दहांत दोन! तत्त्वतः कातडीच्या रंगाने फरक पडू नये, कारण कातडी ठोक्यागणिक बदलत नाही. पण हे दिवे एकाच तरंगलांबीचे नसतात, थोडा पसारा असतो. कातडीतले मेलॅनिन त्यातला एका बाजूचा प्रकाश अधिक खाते, उरलेला प्रकाशही क्षीण होतो, आणि हिशेब सरकतो. कोणत्या दिशेने सरकतो? वरच्या. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी दाखवले होते की गडद कातडीवर, विशेषतः ऑक्सिजन खरोखर कमी असताना, यंत्र जास्त आकडा दाखवते. पंधरा वर्षे ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. ज्यांना यंत्राने ९२ ते ९६ दाखवले होते, त्यांच्यापैकी धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेले रुग्ण गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. त्यानंतर चक्रे हलली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या मार्गदर्शिकेचा मसुदा निघाला; त्यात माणसांची संख्या दीडशेवर आणि निरनिराळ्या वर्णांचे प्रमाण ठरवून दिलेले आहे.

गंमत म्हणजे त्याच काळात दारोदार कपाळावर रोखल्या जाणाऱ्या तापमापकाला वर्णाचा काहीच फरक पडत नाही. तो आपल्याच अंगातून निघणारे दूरचे अवरक्त किरण टिपतो आणि त्या किरणांच्या दृष्टीने जगातली सगळी माणसे जवळजवळ पूर्ण काळी असतात. (त्या 'पिस्तुला'ने मेंदूला इजा होते अशी अफवा होती. ते किरण सोडत नाही, घेते. इजा दुसरीच होती: उन्हातून आलेल्याला ताप आणि वातानुकूलित गाडीतून उतरलेल्याला ३४ अंश.)

आता यंत्राच्या तळटिपेकडे वळू. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'अधिक-उणे २ टक्के' असे लिहिलेले असते. याचा अर्थ दर वेळी चूक दोनच्या आत राहील असा नाही. साधारण तीनांपैकी दोन वेळा राहील असा आहे. अमेरिकन प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे सोप्या भाषेत सांगितले: यंत्र ९० दाखवत असेल तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ मध्ये कुठेतरी असतो. आणि आपण मात्र ९४ आणि ९५ यांच्यामध्ये रेघ मारून बसलो होतो, ३४ ला नापास आणि ३५ ला पास करावे तशी.

गुणांची उपमा दुसऱ्या बाजूनेही घातक ठरली. शंभरांपैकी ९० म्हणजे आपल्या मनात उत्तम. पण रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख सरळ रेषेत जात नाही, वरच्या टोकाला तो सपाट असतो. संपृक्तता ९८ वरून ९० ला येते तेव्हा रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरवरून ६० वर आलेला असतो. त्याखाली उतार तीव्र होतो. म्हणजे जेथे दोन-तीन अंकांना सर्वांत अधिक अर्थ आहे, तेथेच यंत्राची चूकही तेवढीच आहे.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापायला हवी होती. हा आकडा टक्केवारीचा आहे. एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन १४ असो की ७, दोन्ही वेळा यंत्र ९८ दाखवील. दुसऱ्या वेळी रक्तात ऑक्सिजन मात्र निम्माच असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्या देशात ही किरकोळ बाब नव्हे. तसेच बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला, तर या यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. माणूस गुदमरत असतानाही आकडा छान दिसतो.

त्या काळात समाजमाध्यमांवर पेन्सिलीचा ऑक्सिजन दाखवणाऱ्या चित्रफिती फिरत होत्या. मीही आमच्या यंत्रात पेन्सिल घातली. कधी ८४, कधी ८७, कधी नुसत्या रेघा. यावरून सगळी यंत्रे बनावट ठरत नाहीत. यंत्र ठोका शोधत असते आणि माझा हात हलत होता. नुसत्या हलण्याने दोन्ही प्रकाश सारखेच कमीजास्त होतात, म्हणजे गुणोत्तर एक, आणि एकचे उत्तर ८५! पण ज्या यंत्राला पेन्सिल आणि बोट यांतला फरक ओळखून गप्प बसता येत नाही, ते वाईट यंत्र, असे माझे मत आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरच्या विक्रीतल्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली, ते बरेच झाले. परंतु तो बंदोबस्त किमतीचा होता, अचूकतेचा नव्हे.

मात्र सगळा दोष यंत्रावर ढकलणे मला प्रामाणिक वाटत नाही. लंबकाच्या प्रयोगात ९.८ येईपर्यंत निरीक्षणे 'दुरुस्त' करण्याचे शिक्षण मी शाळेत घेतले आहे आणि उत्तम गुणही मिळवले आहेत. तीन वाचने घ्यायची, सरासरी काढायची, आणि ती तीन वेगळी का आली हे कधीच विचारायचे नाही. दोन हातांना दोन आकडे आले तेव्हा वहिनींनी फोन करून प्रश्न विचारला. मी वहीतली सवय काढली आणि प्रश्न मिटवून टाकला. वर 'चुकलं तर कमीच दाखवतं' हे शास्त्रही जोडले, जे हात गार असताना बहुधा खरे असते, आणि नेमके या माणसाच्या बाबतीत खरे असेलच याची काही खात्री नव्हती. तो उन्हात राबून रापलेला शेतमजूर होता, हे मी विचारलेही नव्हते.

सुदैवाने वहिनींनी माझे ऐकले नाही. त्यांनी त्याला सावलीत बसवले, हात चोळून गरम करायला लावले आणि एकाच बोटावर मिनिटभर आकडा स्थिर होऊ दिला. ९५. मग त्याच्याबरोबर अंगणात सहा मिनिटे चालल्या आणि त्याच बोटावर, त्याच यंत्राने पुन्हा पाहिले. ९०. ही सहा मिनिटांची चाचणी तेव्हा सर्वत्र सांगितली जात होती. तिच्यातली खुबी मला नंतर नीट समजली. यंत्र त्या माणसाला कायम तीन अंक जास्त दाखवत असले, तरी आधी आणि नंतर जवळपास तेवढेच जास्त दाखवणार. वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते. आओयागीने ठोक्याच्या बाबतीत केले तेच हे, थोड्या मोठ्या प्रमाणावर. त्याच संध्याकाळी त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. अकरा दिवसांनी तो घरी परत आला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वहिनींनी त्यांची वही दाखवली. छापील तक्त्याची नक्कल, आणि उजवीकडे पट्टीने आखलेले आणखी दोन रकाने: 'बसून' आणि 'चालून'. त्याखाली दीडशेच्या वर नोंदी. मी विचारले, "हे वर पाठवलंत का?"

"पाठवायला गेले होते," त्या म्हणाल्या. "पण भरायच्या जागी एकच चौकोन होता. मग 'चालून'चा आकडा त्यात लिहिला, आणि वही आपल्यापाशी ठेवली."