वारा वाढला की जहाजं उंच झाली?

समुद्रावरच्या वाऱ्याच्या दीर्घकालीन बदलावर काम करायचं म्हटलं की तुम्हाला हमखास एक सल्ला मिळेल: तीन-चार रीअ‍ॅनालिसिस घ्या, सरासरी काढा, ट्रेंड दाखवा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही.

रीअ‍ॅनालिसिस म्हणजे मोजमाप नव्हे. हवामानाचं मॉडेल चालवत त्यात जुन्या नोंदी मिसळत जायच्या, त्यातून निघालेला तो अंदाज असतो. म्हणून आधी विचारायचं, आत काय घातलंय?

विसाव्या शतकाचंच बघा. ईआरए-२०सी आणि सेरा-२०सी हे दोन युरोपीय डेटासेट उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा वेग वाढत गेल्याचं दाखवतात. अमेरिकेचा २०सीआर तसं दाखवत नाही. दोन विरुद्ध एक, म्हणजे वाढ खरी? अहो, हे मतदान नाही! पहिले दोघे एकाच केंद्राचे, आणि दोघांतही हवेच्या दाबाबरोबर जहाजांवरच्या वाऱ्याच्या नोंदी मिसळल्या आहेत. २०सीआरमध्ये वाऱ्याच्या नोंदी घेतलेल्याच नाहीत, फक्त दाबाच्या घेतल्यात. वोलँड आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या पेपरने नेमकं या फरकावर बोट ठेवलं.

जहाजावरच्या नोंदींत गडबड काय? पूर्वी खलाशी समुद्राकडे बघून ब्यूफोर्ट मापात अंदाज लिहीत. पुढे अ‍ॅनिमोमीटर आले, जहाजं मोठी होत गेली, तशी यंत्रंही वर गेली. आणि वर गेलं की वारा जास्तच लागतो. लॉगरिदमिक सूत्रात खडबडीतपणाची लांबी ०.०००२ मीटर धरा: १० मीटरवरून २० मीटरवर गेल्यावर वेग सुमारे ६ टक्के जास्त भरतो. वाऱ्यात काडीचाही बदल न होता! उंचीची दुरुस्ती केली नाही, तर हीच वाढ ट्रेंड म्हणून छापली जाते.

म्हणून २०सीआर निर्दोष, असंही नाही. जिथे नोंदी विरळ, तिथे त्याचे एन्सेम्बल सदस्य एकमेकांपासून भरकटतात. त्यांची सरासरी घेतली की चढउतार सपाट होतात. सुरुवातीच्या दशकांत वादळं कमी दिसली तर आधी हे तपासा.

सरासरी काढण्याआधी तुमच्या चौकोनात दर दशकाला किती नोंदी आहेत, तो आलेख काढा. शेजारी दाबाच्या उताराचा ट्रेंड ठेवा. विषुववृत्तापासून दूर वारा दाबाच्या उताराशी बांधलेला असतो; उतार जागच्या जागी आणि वारा मात्र वाढतोय, तर गाइडकडे जाण्याआधी जहाजांच्या नोंदी उघडा.