कुलवृत्तांत वाचताना : वंशावळ, दप्तर आणि एक छायाचित्र

कुलवृत्तांत हा मराठीतला मोठा खपाचा नसला, तरी मोठ्या जिव्हाळ्याचा ग्रंथप्रकार आहे. गोत्र किंवा देवक, कुलदैवत, मूळ गाव, घडीची वंशावळ, मग पिढीवार माहिती आणि शेवटी छायाचित्रांची पाने, हा त्याचा ठरलेला साचा. घरात त्याची जागा पोथीशेजारी असते आणि पोथीप्रमाणेच त्याची चिकित्सा कोणी करीत नाही. ती करायला हवी, असे माझे मत आहे. त्यासाठी मी दुसऱ्या कोणाचे घराणे घेत नाही. माझ्याच घराण्याचा, 1983 साली छापलेला कुलवृत्तांत घेतो.

मी पदवीने इतिहासाचा विद्यार्थी नाही. मोडी शिकलो तो चाळिशी उलटल्यावर, तोही शेतीच्या एका वादात जुने कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याचा कंटाळा आला म्हणून. वाद मिटला, मोडी मात्र सुटली नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, घराणे पाटीलकीचे. कुलवृत्तांत सिद्ध केला तो भावकीतल्या एका चुलत्यांनी. एस.टी.ने गावोगाव हिंडून, जोडकार्डे पाठवून, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून त्यांनी तो छापला. पुढे जे दोष दाखवणार आहे, ते त्यांचे हे ऋण मान्य करूनच.

पहिला मुद्दा वंशावळीचा. आमच्या पुस्तकातल्या पहिल्या पाच पिढ्या एका करीन्यावरून घेतल्या आहेत. करीना म्हणजे वतनाच्या वादात पक्षकाराने मांडलेली आपल्या बाजूची हकिगत. थोरली तक्षीम कोणाची, वडीलपणाचा मान कोणाचा, हे सिद्ध करण्यासाठी तो लिहिला जाई. तेव्हा त्यात ‘अमुक हा थोरला’ असे येते, ती वस्तुस्थिती असेलही; पण आधी तो दावा आहे. पुढे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनचे काम सुरू झाले, तेव्हाही अनेक घराण्यांना हक्क टिकवण्यासाठी वंशावळी सादर कराव्या लागल्या. ज्या कागदावर जमीन टिकायची, त्यात निपुत्रिक शाखा, दत्तक, बेबनाव कसे मांडले जातील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींची कसून झडती घेतली. ही सवय आपण राजघराण्यांपुरती ठेवली. स्वतःच्या घराण्याच्या करीन्याला मात्र हात जोडले.

दुसरा मुद्दा अधिक जवळचा आहे. पुस्तकात पणजोबांच्या नोंदीत एकच पत्नी आहे, आणि त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझे आजोबा, तिच्या पोटी दाखवले आहेत. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, ही पत्नी 1897 साली वारल्याची मोडी नोंद आहे : तिचे नाव, मग ‘कोम’ आणि पुढे पणजोबांचे नाव. (‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तसे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको.) त्याच वहीत 1901 साली पणजोबांना मुलगा झाल्याची नोंद आहे. बारसे व्हायचे असल्याने मुलाचे नाव नाही. शाळेच्या प्रवेश-रजिस्टरात आजोबांचे जन्मसाल 1901 च आहे. शाळेतल्या जन्मतारखांवर मी सहसा विसंबत नाही. मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या 1 जूनच्या तारखांनी आपली रजिस्टरे भरली आहेत. पण इथे दोन स्वतंत्र वह्या एकच साल सांगतात. 1897 साली वारलेल्या बाईला 1901 साली मूल होत नाही.

मग आई कोण? पणजोबा 1908 साली वारले. पुढच्या वर्षीच्या वारसाच्या फेरफारात आजोबांचे नाव अज्ञान म्हणून लागले आणि अ.पा.क., म्हणजे अज्ञानाचे पालन करणारी, म्हणून आईचे नाव आले. ते नाव कुलवृत्तांतात कुठेही नाही. नुसत्या फेरफारावर मी हे विधान केले नसते, कारण सावत्र आईलाही दप्तरात ‘आई’च लिहीत. परंतु कोतवाल बुकाशी ताडून पाहिल्यावर दुसरा अर्थ उरत नाही.

ही बाई गळली कशी, याचे उत्तर कागदात नाही. ते नव्वदीतल्या आत्याने दिले, तेही दार लोटून घेतल्यावर. ‘ती पाटाची होती रं. पुस्तकात कशी घालणार?’ पाट किंवा मोहतूर, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, ही आपल्याकडच्या अनेक जातींत उघड रूढ असलेली चाल. पुढे शहाण्णव कुळीच्या प्रतिष्ठेपायी घराण्यांनी ती सोडली. इतकेच नव्हे, तर पूर्वी ती होती हेही पुसायला घेतले. आत्याचे म्हणणे मी ऐकीव म्हणूनच नोंदवतो. मात्र नाव गाळले गेले, हे ऐकीव नाही. सरकारला सारा हवा होता, बाईचे नाव नव्हे. तरी तलाठ्याने ते लिहिले. आम्हाला नाव माहीत असूनही आम्ही ते लिहिले नाही.

तिसरा मुद्दा छायाचित्राचा. पुस्तकात पणजोबा म्हणून छापलेला फोटो आमच्या माजघरात चौकटीत होता. दर पितृपक्षात त्याला हार चढे. वाळवी लागली म्हणून मी चौकट उघडली. फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला निघाला. पाठीवर मधोमध रेघ, डावीकडे मजकुराची जागा. असे दुभागलेले कार्ड ब्रिटनमध्ये 1902 साली सुरू झाले. म्हणजे ही प्रत त्यानंतरची. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण जुन्या फोटोवरून नवी प्रत काढण्याची पद्धत होतीच. परंतु त्या तरुणाच्या मनगटावर घड्याळ आहे. पुरुषांनी मनगटी घड्याळ वापरणे रूढ झाले ते पहिल्या महायुद्धानंतर. 1908 साली वारलेल्या पाटलाच्या हाती ते असण्याचा संभव जवळजवळ नाही. डाव्या भुवईवरची खोक पाहिली आणि आजोबांच्या उतारवयातल्या फोटोशी ताडली. तीच खोक, तीच कानाची पाळी. म्हणजे आजोबांनाच आम्ही त्यांचे वडील म्हणून हार घालत होतो.

आणखी एक गोष्ट. चौकटीतल्या पुठ्ठ्याने फोटोचा उजवा भाग झाकला होता. पुस्तकातही तेवढेच छापले गेले. त्या भागात खुर्चीवर एक प्रौढ बाई बसलेली आहे. कपाळ मोकळे, पदर डोक्यावरून, हात मांडीवर. आजोबांची आई असावी. ‘असावी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो. ती आत्या असेल, मावशी असेल. पाठीवर काही लिहिलेले नाही. चुलत्यांनी तिला जाणून कापले असेही मी म्हणणार नाही, पुठ्ठा बहुधा त्यांच्याही आधीचा आहे.

2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कोतवाल बुके, प्रवेश-रजिस्टरे, जुनी पाहणीपत्रके पुन्हा उजेडात आली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. माझ्याकडेही लोक येतात. दाखल्यासाठी हवा असलेला एक शब्द सापडला, की वही मिटतात. त्यांची निकड मला कळते. पण खालच्याच ओळीत ‘कोम’ लिहिलेली कोणाची तरी पणजी असते, तिच्यावर नजर ठरत नाही.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे भावकीत घाटते आहे. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून घेतली ते लिहावे : करीना, कोतवाल बुक, फेरफार, शाळा की ऐकीव. जिथे आधार नाही तिथे जागा कोरी सोडावी. फोटो पुठ्ठ्याशिवाय, पुरा छापावा. आणि पणजोबांच्या नोंदीत दोन पत्नी लिहाव्यात. पहिल्या तीन सूचना बैठकीत मान्य झाल्या. चौथीवर चर्चा पुढे ढकलली आहे.