जासूद, वकील आणि मसलत

मराठी कागदांतील 'जासूद' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. एकाद्या रुमालांत तो आढळला कीं हेरखात्याचा पुरावा सांपडला असें मानून कागदाची किंमत वाढविली जाते, आणि बहिर्जी नाइकावरील चरित्रें व कादंबऱ्या वाचून आलेला संग्राहक ती आनंदानें देतो. त्याचें पैशाचें नुकसान एक वेळ सोसवेल. इतिहासाचें होतें तें अधिक आहे. बातमी आणणारा कोण, ती पारखून लिहिणारा कोण, आणि तिजवरून राज्यरक्षणाची मसलत ठरविणारा कोण, हीं तीन माणसें वेगळीं असतात. पण वाचकाच्या मनांत तिघांच्या जागीं वेष पालटून हिंडणारा एकच वीरपुरुष उभा राहतो. हा घोटाळा कागदांच्या आधारें उकलावा, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील लोहारें तालुक्यांत तेरणेच्या कांठीं माकणी म्हणून गांव आहे. त्याच्या उत्तरेस औसा, नैर्ऋत्येस नळदुर्ग आणि ईशान्येस, जरा लांब, उदगीर. असे तीन जुने किल्ले सभोंवतीं आहेत. मुलूख बहुतेक काळ निजामाचा, इ. स. १८५३ ते १८६० हीं सात वर्षें नळदुर्गचा जिल्हा इंग्रजांकडे होता, तेवढाच अपवाद. अशा टापूंतील गांवखर्चाच्या यादींत जासुदास दिलेला शिधा लिहिलेला असला तर तेवढ्यावरून तो हेर ठरत नाहीं. जासूद हा बहुशः पत्रें नेणारा पायींचा माणूस. पत्राच्या शेवटीं 'जासूद जोडी' पाठविल्याचा उल्लेख येतो, तो टपाल नेणाऱ्या दोघांचा. गुप्तपणें बातमी काढणारा तो हेर किंवा नजरबाज; दरबारच्या रोजच्या घडामोडी लिहून धाडणारा तो अखबारनवीस. हरकारा या शब्दाचा अर्थ मात्र संदर्भ पाहूनच करावा लागतो. ज्याचें येणें कुळकर्ण्यानें हुद्द्यासह जमाखर्चांत टिपून ठेवलें, तो हेर असल्यास फारच अडाणी हेर म्हटला पाहिजे.

मग बहिर्जीचें काय? कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस जी बखर लिहिली तींत त्याला जासूदच म्हटलें आहे. तेथें त्याचीं दोन कामें ठळक दिसतात. सुरतेची पाळत घेऊन तो आला व तें शहर मारल्यास अगणित द्रव्य मिळेल असें त्यानें सांगितलें, हें एक. आणि जालन्याच्या स्वारीनंतर शत्रूच्या फौजा भोंवतीं असतां त्यानें महाराजांस आडवाटेनें पट्टा किल्ल्याकडे सुखरूप नेलें, हें दुसरें. पहिलें काम हेराचें आणि दुसरें वाटाड्याचें. दोन्हींच्या मुळाशीं विद्या एकच, ती रस्त्यांची. आमच्या मतें जासुदांचा नाईक हा हेरांचाहि नाईक कसा झाला याचा उलगडा येथेंच होतो. मात्र या वाक्यांत त्याच्या हाताखालील माणसांचा आंकडा नाहीं, सांकेतिक भाषा नाहीं, वेषांतरहि नाहीं. हजारों हेरांची जी फौज हल्लीं त्याच्या नांवावर सांगतात ती बखरीबाहेरची आहे. शिवाय बखर इ. स. १६९७ च्या सुमाराची आणि सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ ची, म्हणजे मध्यें तेहतीस वर्षें गेलेलीं.

तरीहि सभासदाचें सुरतेविषयींचें विधान आम्ही खरें मानतों, आणि त्याचें कारण मराठी कागदांत नसून परक्यांच्या कागदांत आहे. त्या वेळीं सुरतेस असलेल्या इंग्रजांनीं लिहिलेल्या हकीकतींवरून मराठ्यांचा मुख्य भर कोणत्या घरांवर होता तें कळतें. वीरजी व्होरा, हाजी जाहिदबेग अशा बड्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या त्यांनीं नेमक्या गांठल्या. सुभेदार इनायतखान किल्ल्यांत जाऊन बसला; शहराला तेव्हां बंदोबस्ताचा तटहि नव्हता. परमुलखांतील एवढ्या मोठ्या शहरांत चार दिवसांत नेमकीं घरें सांपडतात, तेव्हां तीं कोणी तरी आधीं पाहून ठेवलेलीं असतात. चांगल्या हेराचा लेखी पुरावा सहसा उरत नाहीं. त्याचा पुरावा बातमीवरून घडलेल्या कृतींत शोधावा लागतो, आणि ती कृति शत्रुपक्षाच्या कागदांत जास्त स्पष्ट दिसते.

मसलतीच्या बाजूचा जुना व भारदस्त ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्र. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिणारा हा पुरुष राजाराममहाराज जिंजीस असतां 'हुकूमतपनाह' या पदवीनें महाराष्ट्रांतील युद्ध चालवीत होता. दुर्गप्रकरणाची स्तुति सर्वांनीं केली आहे; आम्हांस टोपीकरांचें प्रकरण अधिक मोलाचें वाटतें. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागें यांचे राजे आहेत, म्हणून समुद्रकांठीं यांना बळकट जागा देऊं नये, असा त्यांतील आशय आहे. वखारींत किती तोफा आहेत हें हेर सांगूं शकतो. त्या तोफांचा धनी सातासमुद्रांपलीकडे बसला असून त्याचा हेतु काय, हें अमात्यानें ताडलें. बातमी आणि तिचें परीक्षण यांतील भेद इतका स्वच्छ दाखविणारा दुसरा मजकूर त्या काळच्या मराठींत आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां पुन्हां औसा-उदगीरच्या बाजूस वळूं. फेब्रुवारी १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं निजामाची फौज याच टापूंत कोंडली. त्या वेळीं भाऊंजवळ इब्राहिमखान गारदी होता व तो थोड्याच काळापूर्वीं निजामअलीच्या चाकरींत राहिलेला. निजामाच्या तोफखान्याचें बळ आणि उणें त्याला ठाऊक असणारच. शत्रूकडून आलेला जाणता सरदार दहा हेरांच्या बरोबरीचा असतो. पण ज्यास खरोखर बातमीचें खातें म्हणतां येईल तें पुढें नाना फडणिसांच्या काळीं दिसतें. पेशव्यांचे हैदराबादचे वकील गोविंदराव काळे यांचें इ. स. १७९३ मधील एक पत्र सर्वांस माहीत आहे. महादजी शिंद्यांच्या उत्तरेंतील यशाचा गौरव असल्यामुळें तें भाषणांत फिरत असतें. त्याच काळ्यांचें नित्याचें लिहिणें, म्हणजे दिवाण मुशीरुल्मुल्क काय बोलला, रेमंडच्या पलटणी कशा वाढत आहेत, इंग्रज रेसिडेंट कोणाकडे झुकतो, यांत रस घेणारे थोडे. आणि मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई ज्या बातम्यांवर उभी राहिली त्या याच जातीच्या.

काळे निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. वकील हा धन्याच्या मनाजोगें लिहितो, आणि आपल्यास सोसाव्या लागलेल्या अपमानास थोडा रंगहि देतो. म्हणून हैदराबादेंतून कर्कपॅट्रिक आणि पुण्यांतून मॅलेट यांनीं त्याच घडामोडींवर केलेलें लिहिणें शेजारीं ठेवून काळ्यांचें पत्र वाचावें. इंग्रज तटस्थ राहतील कीं नाहीं हा खर्ड्यापूर्वींचा खरा प्रश्न होता. गव्हर्नर जनरल शोअर तटस्थ राहिला आणि शिंदे, होळकर, भोंसले, पटवर्धन एका निशाणाखालीं आले. तेव्हां लढाई निम्मी जिंकलीच होती. रात्रीं घाबरून निजाम खर्ड्याच्या गढींत शिरला ही गोष्ट मौजेनें सांगितली जाते. तिच्या आधींचे महिने आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें छापतांना मध्यें प्रसंगांची सुसंगत हकीकत दिली, त्यामुळें वाचकाला ते महिने दिसतात तरी. सुटें, नटवें पत्र छापणाऱ्यांनीं हा कित्ता गिरविला नाहीं.

संग्राहकांशीं आमचें भांडण येथें आहे. मोडी पत्राच्या पाठीवर किंवा माथ्यावर 'पै॥' या खुणेनें पैवस्तगी, म्हणजे पत्र पोंचल्याची तिथि, लिहिलेली असते. तिच्या आधीं चंद्राचा 'छ' असतो. पत्र लिहिल्याचा दिवस आणि हा दिवस यांतील अंतर म्हणजे बातमीचें वय. बातमी मसलतीच्या आधीं आली कीं नंतर, हें ठरविण्यास दुसरें साधन सहसा नसतें. आणि चौकटींत बसविण्यासाठीं कागद कापतात तेव्हां नेमकी हीच ओळ जाते. छापतांनाहि कित्येकांनीं ती निरर्थक म्हणून गाळली आहे. बातमी उशिरां पोंचल्यामुळें जी मसलत चुकली, ती अशा कागदांत फितुरीची दिसूं लागते, आणि एकाद्या बिचाऱ्या कारभाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या डाग राहतो.

नानांच्या कीर्तीचीहि हीच कसोटी लावावी. परदरबारची बातमी ज्यांना अचूक मिळे, त्यांच्या देखत ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यांत घात झाला. पुढल्याच वर्षीं महाडच्या तहानें खर्ड्याची बहुतेक कमाई निजामास परत द्यावी लागली. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींत मायकेल फिलोज या परदेशी अंमलदाराच्या शपथेवर विसंबून नाना गेले आणि कैद झाले. बातमीच्या बळावर राज्य राखणाऱ्या पुरुषास जवळच्या माणसाचा हेतु ओळखतां आला नाहीं, हें त्यांचे चरित्रकार हळहळून सांगतात. आमच्या मतें हळहळण्यापेक्षां त्या दिवसाच्या आधींचीं पत्रें पैवस्तगीसह तपासावीं. सावध करणारें लिहिणें आलें होतें काय आणि केव्हां, हें तेथेंच ठरेल.

हा प्रश्न केवळ पेशवाईचा नव्हे. २ सप्टेंबर १९६३ रोजीं संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनीं आदल्या वर्षींच्या चीन-युद्धाच्या चौकशीविषयीं लोकसभेंत निवेदन केलें. बातमी मिळविण्यास उशीर लागला, कळविण्यांत मोघमपणा राहिला, आणि तिचें मूल्यमापनहि यथास्थित झालें नाहीं, असा त्यांतील एक भाग होता. काळ्यांच्या पत्रांस आम्ही जे प्रश्न विचारतों तेच हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें किल्लारीपासून माकणी-सास्तूरपर्यंतच्या पट्ट्यांतील मातीचीं माळवदें कोसळलीं. मनुष्यहानि एवढी मोठी कीं कागदांची आठवण काढणेंहि तेव्हां शोभलें नसतें. आतां त्या बाजूचा एकादा रुमाल बाजारांत आला तर घेणाऱ्यानें तो कापूं नये, धुऊं नये, आणि वरचें वेष्टण फेंकूं नये. रुमाल ज्या गांवचा व ज्या घरचा असेल तें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आंत ठेवावें. जासुदाचें नांव, जोडी कोठून निघाली तो मुक्काम, आणि पाठीवरची पैवस्तगी आधीं उतरून घ्यावी. मग आंतला मजकूर वाचावा.