अर्धी लावणी, पूर्ण गुण

झी युवा वाहिनीवर २०१८-१९ च्या सुमारास ‘अप्सरा आली’ या लावणीनृत्य स्पर्धेचे पहिले पर्व झाले आणि साताऱ्याची माधुरी पवार त्याची विजेती ठरली. सुरेखा पुणेकर, सोनाली कुलकर्णी आणि दीपाली सय्यद परीक्षक होत्या. ज्या नाचाला पांढरपेशा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तो दूरचित्रवाणीमुळे घरातल्या आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. लावणी शिकण्याची इच्छा बोलून दाखवायला मुलींना बळ मिळाले. हे या पर्वाचे खरे यश आहे आणि ते मोठे आहे. पण एखाद्या कलेला मान मिळणे आणि ती कला अखंड राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा स्पर्धांनी पहिली साधली, दुसरीकडे दुर्लक्ष केले. लावणी गाऊन, अदा करून आणि नाचून पुरी होते. स्पर्धेने गुण दिले ते मुख्यतः नाचाला. लावणीच्या आजच्या अवस्थेचे मर्म या निवडीत आहे.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ही उणीव अधिक जाणवावी, कारण लावणीची पूर्ण परंपरा याच मातीत वाढली. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्या गेल्या. त्यांची बैठकीची लावणी म्हणजे बसल्या जागी गाणे, आणि एकच ओळ पुन्हा घेताना दर वेळी तिचा वेगळा अर्थ डोळ्यांतून, भुवईतून, बोटांच्या टोकांतून दाखवणे. तिकडे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी गण, गौळणी, लावण्या आणि वग रचले, आणि नर्तकी पवळा हिवरगावकरणीने त्यांची रचना तमाशाच्या फडावर उभी केली. शब्द, गळा आणि देह एकाच फडात एकमेकांना घडवत होते. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशातही गण-गौळणीपासून बतावणी आणि वगापर्यंतच्या साखळीत लावणीला तिची जागा होती. ती सुटी तीन मिनिटांची वस्तू कधीच नव्हती.

गळा आणि देह यांची ही फाटाफूट दूरचित्रवाणीने सुरू केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांनी लावणी गावोगाव पोचवली आणि त्याच वेळी आवाज आणि पाय वेगळे केले. पार्श्वगायिका गात, पडद्यावर दुसरीच नायिका नाचे. त्यातून अजरामर गाणी मिळाली हे खरे, पण प्रेक्षकाला सवय लागली की गाणारी एक आणि नाचणारी दुसरी असली तरी चालते. २०१० च्या ‘नटरंग’ने ती सवय नव्या पिढीपर्यंत आणली, या स्पर्धेचे नावही त्याच चित्रपटातल्या गाण्याची आठवण करून देते. चित्रपटात ही कथेची आणि माध्यमाची सोय होती. स्पर्धेत ती निकष झाली, आणि निकष झालेली सोय पुढच्या पिढीला नियम वाटते. ठराविक वेळात, कॅमेऱ्यासमोर, टाळी घ्यायची असेल तर स्पर्धक द्रुत ठेक्याची, उड्या-गिरक्यांची छक्कड निवडणार. संथ, विरहाची बालेघाटी निवडायचे धाडस कोण करील? परीक्षकांच्या खुर्चीत बसलेल्या सुरेखा पुणेकर स्वतः गात-नाचत रंगमंच जिंकलेल्या कलावंत आहेत. त्यांच्यापाशी असलेली विद्याच जिथे मागितली जात नाही, तिथे उणीव व्यक्तींची नाही, रचनेची आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बैठकीची लावणी दूरचित्रवाणीवर टिकणारच नाही, प्रेक्षक वाहिनी बदलील. पण याच मराठी प्रेक्षकाने ‘सारेगमप’मध्ये लहान मुलांची नाट्यपदे आणि अभंग मन लावून ऐकले आहेत. चेहऱ्यावरची सूक्ष्म अदा दाखवायला तर कॅमेऱ्याइतके चांगले साधन नाही. फडाच्या शेवटच्या रांगेला जे कधी दिसले नाही ते कॅमेरा घराघरात दाखवू शकतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फडात आणि संगीत बारीत नाचणाऱ्या स्त्रियांनी शोषण, अपमान आणि दारिद्र्य सोसले. मग त्या जुन्या चौकटीचे गोडवे कशासाठी? तो जाच संपलाच पाहिजे, आणि स्पर्धेच्या मंचावर कलावंत मानाने उभी राहते हे स्वागतार्ह आहे. पण जाच नाकारताना विद्या नाकारण्याचे कारण नाही. उलट, ज्या कोल्हाटी आणि इतर कलावंत घरांनी ही विद्या सांभाळली त्यांचा गळा आणि अदा गुणपत्रिकेतून वगळली, की मान मिळतो तो लावणीला, आणि तिच्या वारसदार मात्र बाहेर राहतात. कला बदलतच असते, हा तिसरा आक्षेपही मान्य. ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातले पठ्ठे बापूराव फडावर आले तो केवढा बदल होता! मात्र त्यांच्या बदलाने लावणीत भर पडली. आताच्या बदलात वजाबाकी होते आहे.

म्हणून अशा स्पर्धांच्या पुढच्या पर्वांकडून अपेक्षा अवघड नाहीत. निदान एक फेरी स्पर्धकाने स्वतः गाऊन अदा करण्याची असावी. ढोलकी, पेटी, तुणतुणे, मंजिरी समोर वाजावी आणि वादकांची नावे नर्तकीइतक्याच ठळकपणे सांगितली जावीत. जबाबदारी वाहिन्यांची एकट्यांची नाही. कोरेगाव, वाई, वाळवा या तालुक्यांत गावोगाव यात्रा भरतात आणि कमिट्या करमणुकीसाठी सुपारी देतात. त्यांनी ध्वनिमुद्रित गाण्यावरच्या नाचाबरोबर एक तास गाणाऱ्या कलावंतिणीसाठी राखून ठेवावा. साताऱ्याच्या कन्येने लावणीला पडद्यावर मान मिळवून दिला. त्या लावणीला तिचा गळा परत मिळवून देणे हे आता या जिल्ह्यांतल्या रसिकांचे काम आहे, आणि ते याच हंगामात सुरू करावे.