‘बंदी’ : एका शब्दाची व्याप्ती आणि व्यापारनियमांची मराठी

मराठीतील परिभाषाचर्चा बहुधा विज्ञान, न्याय आणि राज्यकारभार या क्षेत्रांपुरती मर्यादित राहिली. परदेशी व्यापाराचे नियम तिच्या कक्षेबाहेर राहिले, कारण तो व्यवहार दीर्घकाळ मोठ्या पेढ्यांचा होता आणि त्याचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. आता ती स्थिती उरलेली नाही. रत्नागिरीचा बागायतदार हापूसची पेटी, आमसुले किंवा फणसपोळी यांची मागणी इंटरनेटवरून थेट लंडन-दुबईहून घेऊ शकतो आणि तेथील माल घरबसल्या मागवूही शकतो. अशा माणसापर्यंत देशोदेशींचे व्यापारनियम मराठीतून पोहोचतात ते मुख्यतः एकाच शब्दाच्या द्वारे. तो शब्द ‘बंदी’. एवढा भार वाहण्यास हा शब्द समर्थ आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

‘बंदी’ हे रूप मराठीत फारसीतून आले. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध’ हे एकाच मुळाचे. समासाचे उत्तरपद म्हणून त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. ‘तटबंदी’, ‘मोर्चेबंदी’ यांत रचनेचा अर्थ आहे. ‘दारूबंदी’, ‘संचारबंदी’ यांत मनाईचा. या दुसऱ्या गटात पूर्वपदाचा उत्तरपदाशी असलेला संबंध मात्र स्थिर नाही. ‘दारूबंदी’त पूर्वपद वस्तू दाखविते, ‘संचारबंदी’त क्रिया, तर ‘जिल्हाबंदी’त स्थळ. शिवाय मनाई कोणी केली, कोणाविरुद्ध केली आणि ती कोणत्या अटीवर उठेल, या तिन्ही गोष्टी समासात लुप्त असतात. नित्याच्या बोलण्यात संदर्भ ही उणीव भरून काढतो. व्यापारनियमात मात्र नेमक्या याच तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

रत्नागिरीच्या अनुभवातील उदाहरणे हा भेद स्पष्ट करतात. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याशी चालणाऱ्या व्यवहारावर कडक निर्बंध घातले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. तोवर रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला भिडलेली होती, म्हणून हा प्रश्न या जिल्ह्याच्या दाराशीच होता. येथे मालात कोणताही दोष नव्हता. रोख होता तो परकीय सत्तेवर. डिसेंबर १९६१ मध्ये ती सत्ता संपली आणि निर्बंधाचे प्रयोजनही संपले.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्या यांची आयात थांबविली. ब्रिटन त्या वेळी संघाचा सदस्य असल्याने हापूसची मोठी बाजारपेठ त्यामुळे बंद झाली. परंतु येथे रोख भारतावर नव्हता, मालासोबत येणाऱ्या फळमाशीसारख्या किडींवर होता. तपासणीची व्यवस्था सुधारताच, ठरलेल्या मुदतीपूर्वी, २०१५ च्या आरंभी आंब्यावरील मनाई उठली. अमेरिकेचे दारही असेच १९८९ पासून बंद होते. लासलगावच्या केंद्रात किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करण्याची व्यवस्था झाल्यावर २००७ मध्ये ते उघडले. म्हणजे या दोन्ही प्रसंगी उपाय बऱ्याच अंशी विकणाऱ्या बाजूच्या हाती होता. ‘हापूसवर बंदी’ या शब्दयोजनेने मात्र तांत्रिक अटीचा प्रश्न मानापमानाचा भासू लागतो आणि उपायावरून दृष्टी ढळते.

याउलट डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील कांद्याची निर्यातबंदी भारत सरकारचीच होती. तिच्या मुळाशी देशांतर्गत पुरवठा आणि भाव यांची चिंता होती. माल निर्दोष, ग्राहकही निर्दोष. चौथा प्रकार २ मे २०२५ च्या आदेशाचा. पाकिस्तानात उत्पादित झालेला किंवा तेथून निर्यात झालेला माल थेट वा अप्रत्यक्ष मार्गाने आणण्यास त्या आदेशाने मनाई केली. टपाल आणि पार्सलांची देवाणघेवाणही त्याच वेळी थांबविण्यात आली. या आदेशातील कळीचा शब्द ‘अप्रत्यक्ष’ हा होय. इंटरनेटवर खरेदी करणाऱ्यास विक्रेत्याचा पत्ता दुबईचा दिसतो. नियम मात्र मालाचे मूळ विचारतो. ‘पाकिस्तानशी व्यापारबंदी’ एवढेच वाचलेला ग्राहक आपला व्यवहार दुबईशी आहे असे समजून निर्धास्त राहतो आणि त्याचे पार्सल सीमाशुल्क कचेरीत अडकते.

अधिकृत परिभाषेने हा गोंधळ दूर केला असता. तीही पुरेशी सावध नाही. भारताच्या आयात-निर्यात सूचीत मुक्त माल, परवानगीने नेता-आणता येणारा माल आणि संपूर्ण मनाई असलेला माल असे भेद आहेत. पैकी शेवटच्या दोहोंसाठी ‘निर्बंधित’ आणि ‘प्रतिबंधित’ हे शब्द योजले जातात. केवळ उपसर्गाचे अंतर असलेले हे शब्द सामान्य वाचकास समानार्थी वाटले तर दोष त्याचा नव्हे. त्यातही ‘निर्बंध’ या शब्दावर पूर्वीचे ओझे आहे. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘कायदा’ या शब्दासाठी ‘निर्बंध’ हा पर्याय पुरस्कारिला. तो अर्थ रुजला नाही. आज त्याच शब्दाने कधी परवान्याची अट, तर कधी एखाद्या राष्ट्रावरील आर्थिक बहिष्कार दर्शविला जातो. ‘परवानासापेक्ष’ आणि ‘निषिद्ध’ ही जोडी या दृष्टीने अधिक निःसंदिग्ध ठरेल.

नवे शब्द आदेशाने रुजत नाहीत, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो अंशतः खरा आहे. तथापि खरा रोग शब्दाच्या दारिद्र्याचा नसून वाक्याच्या लोपाचा आहे. मराठी वाक्याला कर्ता, कर्म आणि अट स्पष्टपणे वाहता येतात. समासाच्या सोयीसाठी नियम सांगणाऱ्यांनी ती शक्ती सोडून दिली. ‘अमुक सरकारने, अमुक देशात तयार झालेला अमुक माल, अमुक अट पुरी होईपर्यंत आणण्यास मनाई केली आहे’ असे एक सरळ वाक्य लिहिले, तर ‘बंदी’ हा जुना शब्दही निरुपद्रवी होतो. नियम इंग्रजीत समजून घेण्याची सोय मोठ्या पेढीला असते. ज्याच्यापाशी केवळ मराठी वाक्य आहे, त्याचे हित त्या वाक्याच्या पूर्णतेवर अवलंबून आहे. परिभाषेचे मूल्यमापन यापुढे कोशातील प्रतिशब्दांवरून न करता अशा वाक्यांवरून व्हावयास हवे.