झोपेची किंमत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंचरला आमच्या घरी भाचे-पुतणे जमले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मांडला. अनेक शिक्षकांना तो अपरिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतील एकेक पात्र घेतात. पात्राने काय करायचे ते खेळाडू ठरवतो, ते साधले की नाही हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला. भाषेच्या आणि संभाव्यतेच्या तासाला त्याचा उपयोग होईल असे मला पाहताक्षणी वाटले; अजूनही वाटते.

पण दुसऱ्याच दिवशी थोरली पुतणी खेळ सोडून उठली. तिने योद्धा घेतला होता. "काका, मी तलवार काढेपर्यंत याचे सगळे आटोपलेले असते," असे म्हणून तिने मांत्रिक झालेल्या धाकट्या भावाकडे बोट दाखवले. भांडण मिटवण्याच्या निमित्ताने मी नियमांचे पुस्तक उघडले, आणि तक्रार रास्त निघाली.

मांत्रिकाचे मंत्र मोजके असतात. म्हटला की संपला. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या कथांमधून आलेली आहे. मुलांकडे २०१४ ची आवृत्ती होती. तीत पाचव्या पायरीवरच्या मांत्रिकाला दिवसाला नऊ मंत्र म्हणता येतात, त्यांपैकी दोन सर्वांत मोठे. अग्निगोळ्याच्या मंत्राला सहा बाजूंचे आठ फासे टाकतात. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे आठांची २८. आणि तेवढी इजा एकाच वेळी अनेक शत्रूंना. योद्ध्याचीही एकदोन राखीव कौशल्ये असतात, पण त्याचा मुख्य आधार तलवार, आणि तिला मर्यादा नाही.

ही दोन पात्रे तुल्यबळ कशी? सूत्रधाराच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ लढती गृहीत धरल्या आहेत. समजा, लढती सहा आणि प्रत्येकीत तीन फेऱ्या. एकूण फेऱ्या अठरा, मंत्र नऊ. म्हणजे निम्म्या फेऱ्यांत मांत्रिकाला किरकोळ जादूवर भागवावे लागेल आणि तेवढ्यात योद्धा त्याची बरोबरी साधेल. आता दिवसात एकच लढत घ्या. फेऱ्या तीन, मंत्र नऊ! दोन्ही पात्रांच्या वर्णनातले एक अक्षरही बदललेले नाही, तरी बलाबल पार बदलले. अंश कायम आहे, छेद बदलला.

आणि हा छेद खेळाडूंच्या हातात आहे. आठ तास झोपले की सर्व मंत्र परत मिळतात, आणि टेबलावर आठ तास म्हणजे एक वाक्य: "आम्ही झोपतो." चोवीस तासांत एकदाच अशी झोप, असे बंधन आहे खरे, पण उद्याची वाट पाहण्यालाही एकच वाक्य पुरते. आमच्या मुलांना हे दोन तासांत उमगले. तिकडच्या खेळाडूंनी या पळवाटेला 'पाच मिनिटांचा कामाचा दिवस' असे नाव कधीच देऊन ठेवले आहे. २०२४ साली सुधारित पुस्तके आली, तरी झोपेचा नियम मूलतः तोच आहे.

माझ्या मते रचनेतली ही मोठी चूक आहे, आणि ती कळायला आपल्याला कबड्डीइतके चांगले उदाहरण नाही. तिथेही शक्ती मोजकी असते: दम. चढाई करताना श्वास घ्यायचा नाही; श्रमाने रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि श्वास घेणे भाग पडते. परतल्यावर दम पुन्हा भरतो, पण तोवर प्रतिपक्षाचा गडी आपल्या अंगणात आलेला असतो. विश्रांती मिळते ती हल्ला सोसत.

तरी कबड्डीतही एक गळती होतीच. आघाडीवरचा संघ नुसती निदान रेषा ओलांडून परत येई आणि वेळ काढी. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत यावर 'करो या मरो' चढाईचा उपाय आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे. नाहीतर चढाईपटू बाद. येथे चढाया मोजल्या आहेत. वाट पाहायला मनाई नाही, पण तिची किंमत ठरलेली आहे.

टेबलावरच्या खेळांतही हे कोणाला सुचले नाही असे नाही. २००८ च्या आवृत्तीने योद्ध्यालाही लढतीगणिक आणि दिवसागणिक कौशल्ये वाटून दिली. न्याय झाला, पण सगळी पात्रे एका चवीची झाली, अशी ओरड झाली आणि ती अगदीच चूक नव्हती. त्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार रॉब हाइन्सू यांनी पुढे जोनाथन ट्वीट यांच्याबरोबर 'थर्टीन्थ एज' हा खेळ २०१३ साली आणला. त्यात शक्ती साधारण चार लढतींनंतर परत मिळते, मग रात्री कितीही झोपा. आधी हवी असेल तर कथेत काहीतरी गमवावे लागते. शिवाय दुसऱ्या फेरीपासून टेबलावर एक फासा ठेवतात. दर फेरीला त्याचा आकडा एकाने चढतो आणि खेळाडूंच्या हल्ल्यात मिळवला जातो. साहजिकच मोठा वार मागे राखून ठेवावासा वाटतो.

वर्गात हा खेळ नेणाऱ्या शिक्षकांनी आधी फळ्यावर फेऱ्या आणि मंत्र यांचा तक्ता मुलांकडूनच करून घ्यावा. आम्ही तो जुन्या वहीत केला आणि चार लढतींचा नियम लावला. पुतणी परत आली. धाकट्याने मात्र शेवटचा अग्निगोळा इतका जपला की सुट्टी संपली तरी तो त्याच्याकडेच होता. फोनवर अजून त्याबद्दल कुरकुरतो.