‘व्यसनमुक्ती’ : एका संज्ञेचा विचार

आरोग्यविषयक लेखनात रूढ झालेली ‘व्यसनमुक्ती’ ही संज्ञा एके ठिकाणी अपुरी, किंबहुना अपायकारक ठरते. हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही पसरतो. मणिपुरात १९९० च्या सुमारास हे प्रकर्षाने दिसून आले. यावरील एका उपचारात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली ठेवावयास देतात, कित्येकदा वर्षानुवर्षे. तल्लफ शमते, सुई सुटते, एचआयव्हीची औषधे नेमाने घेणे साधते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने या उपचारास संरक्षणही दिले आहे.

परंतु ‘मुक्ती’ या शब्दात मोक्षाचा अर्थ मुरलेला. त्यात कमी-अधिकास जागा नाही. (जीवन्मुक्ताची कल्पना येथे लावावी, असे एका विद्यार्थ्याने सुचविले, मला ती ओढाताण वाटते.) मग गोळी घेणारा घरच्यांच्या लेखी ‘अजून सुटलेला नाही’ असाच राहतो, गोळी अकाली बंद करविली जाते आणि सुई परत येते.

‘व्यसन’ या शब्दाचा मात्र दोष नाही. कौटिल्याने आठव्या अधिकरणात राजाच्या द्यूत-मद्यपानाप्रमाणेच राज्यावरील आपत्तीसही ‘व्यसन’च म्हटले आहे. त्या अर्थास धरून ‘व्यसनोपचार’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. ‘प्रतिस्थापन’ हा कार्यालयीन शब्द कोणाच्या तोंडी बसेलसे दिसत नाही.